राष्ट्रपतीची आई

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात थंडी अशी पडली, की धामणखेड्याच्या द्राक्षबागांत पहाटेच शेकोट्या पेटू लागल्या. तयार मणी गारठ्यानं तडकत होते. बागवाल्यांनी पाचट, तुराट्या, मोडकी खोकी, हाताला लागेल ते जाळून बागेत धूर कोंडला. तरी सकाळी घड हातात घेतला की त्यात एखादा मणी उकललेला सापडायचाच. त्याचा सगळा ताप पिंपळगावच्या पॅकहाऊसमधल्या बायांना. एरवी घड उचलायचा, तोलायचा, डब्यात मांडायचा, झालं. आता एकेक घड ट्यूबच्या उजेडात फिरवून बघायचा आणि तडकलेला मणी बारीक कात्रीनं देठातून काढायचा. एक जरी राहिला तरी बोटीवर सगळा डबा नासणार.

लताबाई त्या टेबलाशी चौथ्या हंगामाला उभी होती. डोक्याला जाळीची टोपी, हातात पातळ मोजे, पायांत भिजलेली चप्पल. गार पाण्यातून आल्यासारखे गार घड. दुपारपर्यंत बोटांची टोकं बधिर व्हायची आणि कात्री कुठं लागली हे रक्त दिसल्यावरच कळायचं. मोज्याला रक्त दिसलं की मुकादम समाधान मोजा बदलायला लावायचा, आणि वरून म्हणायचा, "बाई, माल बाहेरदेशी चाललाय. तुमचं रक्त नाय पाठवायचं."

घरी नवरा होता. पुंजारामनं सतरा वर्षं लोकांच्या बागांत औषध मारलं होतं. तोंडाला रुमाल बांधायचा, पाठीवर पंप, आणि ओळीमागून ओळ चालायचं. आता त्याच्या छातीत दमा घर करून बसला होता. हापशापासून दारापर्यंत एक हंडा आणला की तो ओट्यावर बसून राहायचा, खांदे वरखाली करत. घरातला स्वयंपाक, पोरीची वेणी, शेळीचा चारा एवढं तो करायचा. त्याची त्याला लाज नव्हती. लोकांनी "काय पुंजाराम, आराम का?" म्हटलं की मात्र मान खाली जायची.

आणि रवी होता. पुंजारामचा धाकटा भाऊ. लताबाई लग्न होऊन आली तेव्हा रवी नऊ वर्षांचा होता, आई नसलेला. तिनंच त्याच्या डोक्यातल्या उवा काढल्या, तिनंच त्याला गोवरात मांडीवर घेऊन रात्री काढल्या. तिचं स्वतःचं शिक्षण सातवीत थांबलं होतं. पण रवीचा पाढा चुकला तर भाकरी थापता थापता ती दुरुस्त करायची. तो बी.एड. होईपर्यंत तिनं एकही हंगाम घरी काढला नाही. आता तो गावापासून चार किलोमीटरवरच्या माध्यमिक शाळेत इतिहास शिकवत होता. सहा वर्षं झाली, अजून कायम झालेला नव्हता. बायकोसोबत पिंपळगावात राहायचा. रविवारी मात्र न चुकता यायचा आणि थेट चुलीशी मांडी घालून बसायचा.

त्या रविवारी तो आला तोच हसत.

"जय भीम, दादा. वहिनी, सव्वीस जानेवारीला माझं नाटक हाय. माझं म्हणजे आपल्या संजीचं."

संजना सातवीत होती, त्याच्याच वर्गात. ती आतून पळत आली. "आई, मी राष्ट्रपती हाय!"

"कोणती गं, बाई राष्ट्रपती?"

"नाय गं. के. आर. नारायणन. दहावे. केरळात उझवूर नावाचं गाव हाय, तिथं झावळ्यांच्या घरात जन्मले. रोज कोसच्या कोस चालत शाळेत जायचे. फी नसायची म्हणून वर्गाच्या बाहेर उभं राहून ऐकायचे. तरी पहिला नंबर!"

"आपल्यातले," रवी म्हणाला. एवढंच म्हणाला, आणि पुंजारामनं ताटावरून मान वर केली.

रवीची शिकवायची तऱ्हाच वेगळी होती. त्यानं धडा वाचून दाखवलाच नाही, असं संजना सांगत होती. वर्गातल्या एकेकाला त्यानं दाराबाहेर उभं केलं. खिडकीतून जेवढं ऐकू येईल तेवढं ऐकायचं आणि आत येऊन सांगायचं. शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या चेअरमनसाहेबांच्या नातवाला, तनयला, तर पाचच मिनिटांत रडू आलं. मग सगळ्यांनी मिळून नाटक लिहिलं. शेवटचा प्रवेश संजनाला सगळ्यात आवडायचा. राष्ट्रपती मत द्यायला येतात. शिपाई म्हणतो, साहेब, तुम्ही पुढं या. ते म्हणतात, नको. आणि सगळ्यांच्या मागं रांगेत उभे राहतात.

"खरं का रे हे?" पुंजारामनं विचारलं.

"खरं, दादा. असं करणारे ते पहिलेच." रवीनं पिशवीतून एक कॅमेरा काढला, नाशिकच्या मित्राकडून मागून आणलेला. "राष्ट्रपती झाल्यावरचे फोटो ढीगभर हायेत. लहानपणी त्यांचा फोटो कोण काढणार? म्हणून राहिलेले फोटो आपण काढायचे. पोरंच काढतील. तुम्ही दोघांनी फक्त उभं राहायचं."

"आम्ही?"

"वहिनी, तू राष्ट्रपतीची आई."

लताबाईला हसू आवरेना. तोंडाला पदर लावून ती कितीतरी वेळ हसत राहिली. पण दुसऱ्या दिवशी टेबलाशी उभं राहून मणी काढताना तिला मधूनच ते आठवायचं, आणि शेजारची वत्सलाबाई विचारायची, "काय गं, एकटीच काय हसू ऱ्हायली?"

फोटो पुढच्या रविवारी निघाले. पाटाच्या कडेनं धुकं होतं. संजनानं बापाचा जुना सदरा आणि अर्धी चड्डी घातली होती, केस टोपीत कोंबले होते, पाय अनवाणी. लताबाईनं ठेवणीतलं लुगडं काढलं तर रवी म्हणाला, "नको वहिनी, कामावरचंच नेस. तेव्हा त्यांच्या आईकडं कुठलं आलं?" तिला ते पटलं. कामावरचं, द्राक्षाच्या चिकाचे डाग पडलेलं पातळ नेसून ती दारात उभी राहिली. संजनाची मैत्रीण राखी कॅमेरा धरून होती.

"इकडं नका बघू, काकू," राखी म्हणाली. "पोरगं शाळेत चाललंय ना? तिकडं बघा."

लताबाईनं बघितलं. पाटाच्या वाटेनं संजना चालली होती, दप्तराऐवजी फडक्यात बांधलेली पुस्तकं काखेत. धुक्यात ती लहान लहान होत गेली. खेळ आहे हे माहीत असून लताबाई टाचा उंचावून बघत राहिली. तेवढ्यात खटका वाजला.

पुंजाराम झाला राष्ट्रपतींचा थोरला भाऊ. तोही दम्यानं घरीच असायचा म्हणे, आणि धाकट्यासाठी दुसऱ्यांची पुस्तकं हातानं उतरवून द्यायचा. हे ऐकल्यावर पुंजारामनं पोरीकडून पेन मागून घेतलं. मग ओट्यावर मांडी घालून, संजनाचं विज्ञानाचं पुस्तक समोर ठेवून लिहायला लागला. फोटो झाला, पोरं पुढं गेली, तरी तो लिहीतच होता. संध्याकाळपर्यंत त्यानं आख्खा धडा उतरवला. अक्षर वाकडंतिकडं, पण एक काना चुकला नव्हता.

शेवटचा फोटो शाळेत काढला. वर्गाच्या बंद दाराबाहेर संजना, भिंतीला कान लावलेली.

हंगामात पॅकहाऊसला सव्वीस जानेवारीची सुट्टी नसते. लताबाईनं समाधानला विचारलं, तेव्हा त्यानं वहीतून डोकंही वर काढलं नाही.

"कंटेनर भरायचाय. टेबल सोडलं तर टेबल जाईल, बाई. तुमच्या जागी दहा उभ्या हायेत गेटवर."

"माझी पोरगी राष्ट्रपती हाय."

तेव्हा त्यानं वर बघितलं. "काय?"

"नाटकात."

"मग फोटो बघा की मोबाइलवर."

लताबाईनं रात्रभर विचार केला, आणि सकाळी वत्सलाबाईला सांगून टाकलं, उद्या मी येत नाय. टेबल गेलं तर गेलं.

घरी संजना त्या दोन दिवसांत गप्प गप्प होती. भाकरी अर्धी ठेवून उठायची. वाक्यं म्हणून दाखव म्हटलं तर म्हणायची, "पाठ हायेत." लताबाईला वाटलं, भ्यायली असंल.

सव्वीसला सकाळी पुंजारामनं धुतलेलं धोतर नेसलं. चार किलोमीटर चालणं त्याला झेपणार नव्हतं, म्हणून लताबाईनं त्याला दुधाच्या टेम्पोत पुढं बसवून नेलं. ती स्वतः मागं कॅनना धरून उभी राहिली. शाळेच्या मैदानावर मांडव होता, लाउडस्पीकर होता, खुर्च्यांच्या पुढच्या दोन रांगांवर पांढरे अभ्रे होते. नाशिकहून कुणी देणगीदार येणार होते.

मांडवाच्या तोंडाशी मोठा फ्लेक्स बांधला होता. लांबूनच लताबाईला पोरगी ओळखू आली. भिंतीला कान लावलेली, खऱ्याएवढीच मोठी. तिच्या बाजूला ओट्यावरचा पुंजाराम. आणि खाली, डाग पडलेल्या पातळात, धुक्याकडं बघत, ती स्वतः.

"अगंबाई, केवढं केलंय!" ती पुंजारामचा हात धरून पुढं गेली. मग वाचायला लागली. ती सावकाश वाचायची, ओठ हलवत.

वर चेअरमनसाहेबांचा फोटो. त्याखाली लिहिलं होतं: 'संस्थेच्या दत्तक पालक योजनेतील एक कुटुंब.' संजनाच्या फोटोखाली: 'फीअभावी वर्गाबाहेर उभी राहणारी संजना. आज संस्थेच्या छायेत.' पुंजारामखाली: 'आजारी, बेरोजगार वडील.'

आणि तिच्या फोटोखाली दोनच शब्द. 'निरक्षर आई.'

तिनं ते दोन शब्द पुन्हा वाचले. नि, र, क्ष, र. जोडाक्षर फोडून वाचलं. चुकलं नव्हतं.

"काय लिव्हलंय?" पुंजारामनं विचारलं. ऊन तोंडावर असल्यानं त्याला नीट दिसत नव्हतं.

"तुम्ही बसा आधी," ती म्हणाली.

नारायणन यांचं नाव त्या फ्लेक्सवर कुठंच नव्हतं.

त्यांना मागच्या रांगेत जागा मिळाली. स्टेजवर हातात माईक घेऊन रवी होता, नव्या कोटात. त्याची नजर मांडवभर फिरली, मागच्या रांगेपर्यंत आली आणि पटकन वळली. तेवढ्यावरून लताबाईला कळलं, की त्याला ठाऊक आहे.

नाटक सुरू झालं. लाकडी चौकटीचं दार, आत बाकं, बाहेर संजना. मास्तर झालेल्या पोरानं विचारलं, "फी आणली का?" संजना म्हणाली, "नाही, सर." "मग बाहेर." ती बाहेर उभी राहिली. पोरगी इतकी जीव लावून उभी होती, की पुढच्या रांगेतल्या एका बाईनं रुमाल डोळ्यांना लावला आणि वळून फ्लेक्सकडं बघितलं. मग पडदा पडला. आता राष्ट्रपती येणार. पुंजाराम खुर्चीत पुढं सरकला.

पडदा उघडला तर काळ्या बंद गळ्याच्या कोटात तनय उभा होता. पाठीमागं तिरंगा, दोन्ही बाजूंना सलाम करणारी पोरं. त्यानं भाषण केलं. मतदान नव्हतं, रांग नव्हती. चेअरमनसाहेब खुर्चीत हसत टाळ्या वाजवत होते.

"आपली संजी कुठंय?" पुंजाराम म्हणाला. "अगं, ती येणार होती ना?"

लताबाईनं बोटानं दाखवलं. स्टेजच्या कडेला, बांबूला धरून संजना उभी होती, त्याच अर्ध्या चड्डीत. थंडीनं तिचे गुडघे पांढुरके पडले होते. ती आईकडं बघत नव्हती.

मग चेअरमनसाहेबांनी माईक घेतला. देणगीदारांचे आभार मानले आणि म्हणाले, "ज्या मुलीचं दुःख आपण आत्ता पाहिलं, ते नाटक नाही, ते आपल्या गावातलं वास्तव आहे. तिची आई इथं आलेली आहे. या माउली, वर या. पाहुण्यांच्या हस्ते साडी स्वीकारा."

माणसं वळून बघू लागली. कुणीतरी लताबाईच्या पाठीला हात लावून तिला उठवलं. ती चालत गेली, पायऱ्या चढली. पाहुणीनं प्लास्टिकच्या पिशवीतली साडी पुढं केली, फोटोवाला समोर वाकला. लताबाईनं हात पुढं केले नाहीत.

"घ्या ना," पाहुणी हळूच म्हणाली. "लाजू नका."

"बाई, तुमचं चुकलं नाय," लताबाई म्हणाली. माईक जवळच होता, तिचा आवाज मांडवभर गेला. "पण माझी पोरगी एक दिवस फीसाठी बाहेर उभी राहिलेली नाय. ते फोटो नाटकाचे हायेत. आणि मी सातवी पास हाय. बाहेर काय लिव्हलंय ते मी माझी मी वाचलं."

कुजबुज उठली. चेअरमनसाहेब हसतच राहिले, पण त्यांनी माईकवर हात ठेवला.

लताबाई रवीकडं वळली. "भाऊ, तू सांग. तू घरातला हायेस. उभी राहिली का कधी?"

रवीच्या हातात दुसरा माईक होता. तो चालू होता. लताबाईला त्यातून त्याचा श्वास ऐकू येत होता. त्यानं चेअरमनसाहेबांकडं बघितलं, मग खाली बघितलं.

"फोटो प्रातिनिधिक आहेत," तो म्हणाला. शाळेत बोलतात तसं, शुद्ध. "ताई, आपण खाली बसा. कार्यक्रम पुढं न्यायचाय."

ताई, म्हणाला. वहिनी नाही.

ती खाली उतरली. संजनाचा हात धरला, पुंजारामला उठवलं आणि मांडवाच्या तोंडाशी येऊन फ्लेक्सच्या सुतळ्या सोडायला लागली. गाठी घट्ट होत्या. कापलेली बोटं ठणकत होती. शिपाई धावत आला.

"ओ बाई, संस्थेचा फ्लेक्स हाय तो!"

"कापड संस्थेचं असंल. तोंडं आमची हायेत."

पुंजारामला आता सगळं वाचता आलं होतं. तो दुसऱ्या बाजूच्या गाठी सोडत होता, धापा टाकत, दर गाठीला थांबत. शिपाई बाजूला उभा राहिला. फ्लेक्स खाली आला तेव्हा आत राष्ट्रगीत सुरू झालं, म्हणून ती तिघं होती तिथं सरळ उभी राहिली. ते संपल्यावर त्यांनी घडी घातली आणि चालू लागली. टेम्पो नव्हता. चार किलोमीटर पाटाच्या कडेनं, दर शंभर पावलांवर पुंजारामला बसवत.

अर्ध्या वाटेवर संजना रडायला लागली. "मला माहीत होतं, आई. तनयला दिलं ते. परवाच दिलं. काका म्हणला, आईला सांगू नको, मग ती यायची नाय. ती आली पाहिजे, साहेबांनी बोलावलंय."

"फ्लेक्सचं?"

"ते नव्हतं माहीत."

लताबाईनं तिचं नाक पदरानं पुसलं. पोरीवर तिचा राग नव्हता. पण रवीनं आपल्याशी खोटं बोलायला पोरीला शिकवलं, हे तिच्या छातीत रुतून बसलं ते बसलंच.

पॅकहाऊसमधलं टेबल गेलं. समाधाननं तिला मागच्या अंगणात रिकामे क्रेट धुवायला लावलं. थंडी होतीच. नळाच्या पाण्यात हात घातला की कोपरापर्यंत कळ जायची. वत्सलाबाई दुपारी डबा घेऊन तिच्याजवळ येऊन बसायची आणि त्या दिवसाबद्दल काहीच विचारायची नाही.

त्या रविवारी रवी आला नाही. पुढच्या रविवारीही नाही. तिसऱ्या रविवारी दुपारी मोटारसायकल दारात थांबली. त्याच्या हातात पेढ्यांचा पुडा होता.

"जय भीम, दादा."

"जय भीम," पुंजाराम म्हणाला. तेवढं बोलून त्यानं शेळी सोडली आणि तिला घेऊन बांधाकडं निघाला.

लताबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती. ती उठली. आतून प्लास्टिकची खुर्ची आणली, पदरानं पुसली आणि अंगणात ठेवली.

"बसा सर."

रवी चुलीकडं जायला वळला होता, तो थांबला. "वहिनी, सर काय म्हणती मला?"

"शाळेत सर म्हणतात ना. बसा. पाणी देते."

तिनं तांब्या दिला. त्यानं पाणी प्यायलं नाही, तांब्या मांडीवर धरून बसला. मग बोलायला लागला. कायमची ऑर्डर आली होती. सहा वर्षं त्यानं त्या कागदाची वाट बघितली होती. नाटक त्यानं मनापासून बसवलं होतं, फोटो त्यानं मनापासून काढून घेतले होते. चेअरमनसाहेबांनी ते बघितले आणि म्हणाले, हे पाहुण्यांना दाखवू. रांगेत उभा राष्ट्रपती बरा दिसत नाही, तेवढं काढा. तनयला घ्या. मजकूर आम्ही टाकतो. तेव्हा नाही म्हणायला हवं होतं.

"मला बोलता आलं नाय, वहिनी. त्या दिवशी जर बोललो असतो, तर आख्खं आयुष्य..."

"सर," लताबाई म्हणाली, "तुम्ही आदल्या रविवारी इथं येऊन मला सांगितलं असतं ना, की असं असं हाय, माझी नोकरी अडलीय; तर मीच म्हणले असते, लाव फोटो. लिही निरक्षर. साडी पण घेतली असती वर येऊन, हसून घेतली असती. तेवढं तुमच्यासाठी जड नव्हतं मला." तिनं सुपातला खडा बाजूला टाकला. "तुम्ही विचारलं नाय. मला फसवून नेलं, आणि पोरीला फसवायला शिकवलं."

रवीचे डोळे भरून आले. लहानपणी यायचे तसेच, खालचा ओठ आधी थरथरायचा. तिचा हात सवयीनं पदराकडं गेला आणि तिथंच राहिला.

संजना दारात आली. त्यानं पुडा तिच्यापुढं धरला. तिनं आईकडं बघितलं.

"घे. सरांची ऑर्डर आलीय," लताबाई म्हणाली. "आणि उद्या इतिहासाचा तास हाय ना? जायचं. पुढच्या बाकावर बसायचं. सर शिकवतात चांगलं, ते सगळं शिकून घ्यायचं."

रवी उठला. मोटारसायकलपाशी गेला, किल्ली लावली. पण गाडी सुरू केली नाही. आरसा नीट केला, उगीच सीटवरची धूळ झटकली. लताबाईला कळत होतं, तो कशाची वाट बघतोय. आत भाकरी झाल्या होत्या, मेथी शिजली होती. एवढ्या वर्षांत तो या दारातून कधी उपाशी गेला नव्हता. दोन शब्द तिच्या अगदी ओठांशी आले होते.

तिनं सूप उचललं.

"नीट जा, सर," ती म्हणाली, आणि आत गेली.